झीबेनगेबिर्गेचं वर्तुळ उलट्या बाजूने फिरा

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी आठ महिन्यांपासून ड्युसेलडॉर्फमध्ये नोकरीला आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झालेले आहेत. ऑक्टोबरच्या मध्यावर आई-बाबा नाशिकहून येणार आहेत. बॉनजवळच्या झीबेनगेबिर्गेमध्ये एका दिवसाची, निघालो तिथेच परत येणारी जंगलातली चाल करायची आहे. गाडी नाही. सगळ्यात उंच डोंगर फक्त ४६० मीटर आहे म्हणे, म्हणजे सहज होईल ना? आणि आई-बाबांना बरोबर नेता येईल का?’

सहज होईल या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण चौदा वर्षांपूर्वी मीही हाच शब्द वापरला होता. पुण्यात वाढलेली, सिंहगड आठवड्याला एकदा चढणारी मी, ४६० मीटर हा आकडा वाचून हसले होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सकाळी साडेअकराला निघाले आणि संध्याकाळी पाचला पुरत्या अंधारात, मोबाईलच्या दिव्यावर, गाड्यांचा आवाज ऐकत डांबरी रस्ता शोधत होते. पाय दुखत नव्हते, दमही लागला नव्हता. फक्त मी कुठे आहे ते मला कळत नव्हतं.

सह्याद्री आणि इथल्या टेकड्या यांतला खरा फरक उंचीचा नाही. सह्याद्रीत किल्ला समोर दिसतो. वाट चुकली तरी सोंड दिसते, खिंड दिसते, खाली वाडी दिसते, आणि गुरं घेऊन निघालेला कुणीतरी भेटतोच. झीबेनगेबिर्गेत तुम्ही बीच नावाच्या झाडांच्या जंगलात शिरलात की डोंगर दिसणं बंद. माथ्यावर पोचेपर्यंत माथा दिसत नाही. वाटा मात्र ढीगभर. आपल्याकडे पदरातल्या रानात ढोरवाटा जशा फसवतात, तशा इथे लाकूड ओढून काढायच्या वाटा फसवतात. यंत्रांनी पाडलेल्या या चाकोऱ्या चांगल्या रुंद आणि सरळ असतात, पण कुठेच जात नाहीत. शे-दोनशे मीटरवर झाडोऱ्यात विरून जातात. मी त्या दिवशी अशाच एका चाकोरीवर होते. पाचोळा पडला की खरी वाट आणि चाकोरी सारखीच दिसते, आणि तुम्ही येताय तो महिना नेमका पाचोळ्याचा.

दुसरं म्हणजे ४६० हा आकडाच फसवा आहे. ऱ्हाईनचा काठ इथे समुद्रसपाटीपासून साधारण पन्नास मीटरवर आहे. त्यामुळे ल्योवेनबुर्ग (४५५ मीटर), ग्रोसर ओलबेर्ग (४६० मीटर) आणि ड्राखेनफेल्स (३२१ मीटर) असे तीन माथे एका दिवसात जोडले की मध्ये उतरून पुन्हा चढावं लागतं. सगळी चढण मिळून साडेसहाशे मीटरच्या आसपास जाते आणि चाल सतरा किलोमीटरच्या घरात. नाव ‘सात डोंगर’ असं असलं तरी टेकड्या चाळीसहून जास्त आहेत, तेव्हा तिघांवर समाधान माना.

वेळ किती लागेल ते अंदाजाने ठरवू नका. जर्मनीत वाटांवरच्या पाट्यांसाठी एक मानक आहे, डीआयएन ३३४६६. त्याचा हिशेब असा: सपाटीवर तासाला चार किलोमीटर, चढ तासाला तीनशे मीटर, उतार तासाला पाचशे मीटर. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, चढ-उताराचा वेगळा. मग दोन्हींतला मोठा आकडा पूर्ण धरायचा आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा. आपल्या वर्तुळाला हे लावून बघा. सतरा किलोमीटरला सव्वाचार तास. साडेसहाशे चढाला दोन तास दहा मिनिटं आणि तितक्याच उताराला एक तास अठरा, म्हणजे मिळून साधारण साडेतीन. त्याचे निम्मे पावणेदोन. एकूण सहा तास, आणि यात जेवण, फोटो, बुटाची नाडी, काहीही नाही. मी गेली कित्येक वर्षं ओळखीच्या मराठी मंडळींना रविवारी घेऊन जाते, आणि आमचा वेळ या हिशेबाच्या पाच-दहा मिनिटं इकडेतिकडेच येतो. सह्याद्रीत पळणाऱ्यांचासुद्धा.

आता मुद्दा वर्तुळ कुठून सुरू करायचं आणि कुठल्या बाजूने फिरायचं याचा. बहुतेक सगळे क्योनिग्सविंटरला उतरतात, सकाळी आधी ड्राखेनफेल्स चढतात, तिथे तास-दीड तास रमतात आणि मग आतल्या जंगलाकडे वळतात. मीही तेच केलं होतं. यात घोटाळा असा होतो की दिवसाचा निर्जन, वाटा फुटणारा भाग दुपारनंतर वाट्याला येतो, आणि जंगलात उजेड बाहेरच्यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधी संपतो. म्हणून मी उलटं सुचवते. ऱ्होनडॉर्फहून निघा, आधी ल्योवेनबुर्ग, मग ओलबेर्ग, आणि ड्राखेनफेल्स सगळ्यात शेवटी. गर्दी टाळण्यासाठी नाही हं. ड्राखेनफेल्सवर रविवारी गर्दी असतेच, सकाळीही आणि संध्याकाळीही. पण थकलेल्या पायांनी, उतरत्या उजेडात जिथे पोचायचं ती जागा माणसांची असावी, वाट रुंद असावी आणि खाली जायला दुसरी सोय असावी. ड्राखेनफेल्सला ती आहे: दातेरी रुळांची रेल्वे, १८८३पासून चालणारी. अजून धावणाऱ्या अशा गाड्यांत जर्मनीतली ही सगळ्यात जुनी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच गाडीत आहे. आई-बाबांना सतरा किलोमीटर चालवू नका. त्यांनी आरामात जेवून दुपारी क्योनिग्सविंटरला यावं, गाडीने वर जावं आणि साडेतीनला तुम्ही जंगलातून बाहेर पडाल तेव्हा वरच्या गच्चीवर चहा घेत बसलेले असावेत. मी माझ्या सासूबाईंना असंच दोनदा नेलं. दुसऱ्या वेळी त्या मधल्या थांब्यावर उतरून श्लोस ड्राखेनबुर्ग बघून आल्या. राजवाड्यासारखं दिसणारं हे घर १८८२ ते १८८४ या दोन वर्षांत उठवलं, म्हणजे त्याचं मध्ययुगीन रूप फसवं आहे. पण सासूबाईंना ते वरच्या अस्सल पडक्या किल्ल्यापेक्षा जास्त आवडलं आणि मी वाद घातला नाही.

यायचं कसं? कोलोनहून ऱ्हाईनच्या उजव्या काठाने प्रादेशिक गाड्या जातात, किंवा बॉनच्या मुख्य स्थानकावरून ६६ नंबरची ट्राम घ्यायची. ती क्योनिग्सविंटर आणि ऱ्होनडॉर्फ दोन्हीकडे थांबते. तुमचं मासिक डॉइचलांड-टिकिट या दोन्हींवर चालतं, पण दातेरी रेल्वेवर नाही. तिचं तिकीट वेगळं. आणि गाडी नसणं हा इथे तोटा नाही, उलट फायदा आहे. गाडी लावलेल्या माणसाला काहीही झालं तरी त्याच ठिकाणी परत यावं लागतं. तुम्ही मात्र ऐनवेळी ठरवून आई-बाबांबरोबर क्योनिग्सविंटरला उतरू शकता. वर्तुळ दोन किलोमीटर अपुरं राहील, पण ट्राम तीच.

ऱ्होनडॉर्फला नऊच्या आत पाय जमिनीला लागायला हवेत. गाव छोटं. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर इथेच राहायचे. त्यांचं घर आता स्मारक आहे, आणि गावाच्या वरच्या अंगाला जंगलातल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. वाट तिच्याजवळूनच दरीत शिरते. इथून ल्योवेनबुर्गपर्यंतचा चढ दिवसातला सगळ्यात मोठा, जवळजवळ चारशे मीटर. पण तो अंगावर येत नाही, लांबत जातो. आपल्या नाळेसारखा किंवा घसाऱ्याचा प्रकार नाही. जुन्या बैलगाडीच्या रस्त्यासारखी वळणं घेत वर नेणारी वाट आहे. घाई केली की मात्र घाम येतो, आणि इथे घाम हा शत्रू. वर खिंडीत वारा लागला की तोच घाम गार पडतो. इथले लोक कपड्यांच्या कांदा-पद्धतीबद्दल बोलतात: पातळ पातळ थर घालायचे आणि एकेक सोलत जायचं. पहिल्या वीस मिनिटांत थोडी थंडी वाजली पाहिजे, म्हणजे कपडे बरोबर आहेत.

खिंडीत ल्योवेनबुर्गर होफ नावाचं खानावळीचं घर आहे. तिथून माथ्यावर जाऊन त्याच वाटेने परत यायचं. किल्ल्याचे अवशेष बेताचे आहेत, राजगड पाहिलेल्या डोळ्यांना तर फारच बेताचे. पण खाली ऱ्हाईन आणि पलीकडे आयफेलचे डोंगर दिसतात. ऑक्टोबरमध्ये सकाळी नदीवर धुक्याची दुलई असते आणि तुम्ही तिच्या वर असता. दिवसातला हा पहिला उघडा देखावा, त्यामुळे इथे थांबा. नंतरचा तासभर फक्त झाडं आहेत.

ल्योवेनबुर्ग ते मार्गारेटेनह्योहे हा तुकडा लोरबेर्गच्या कडेने जाणारा, रुंद आणि सोपा. तो भराभर उरका. मात्र जाताना मधली उघडी पडलेली रानं बघा. तिथे पूर्वी स्प्रूसची दाट लागवड होती. २०१८ ते २०२० हे तीन उन्हाळे कोरडे गेले, झाडं तहानली, आणि तहानलेल्या झाडाला साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याशी लढायला चीक उरत नाही. उभी जंगलं वाळली, तोडली गेली. त्यामुळे जुन्या वर्णनांत ‘दाट सुचिपर्णी वनातून डावीकडे’ असं काही वाचाल, तर ते वन आता जागेवर असेलच असं नाही. दुसरं, वादळाचा इशारा असेल त्या दिवशी जंगलात जाऊच नका. जर्मन कायदा फिरायला कुणालाही जंगलात जाऊ देतो, अगदी खासगी मालकीच्या जंगलातही, पण स्वतःच्या जबाबदारीवर. वाळकी फांदी डोक्यात पडली तर ती जंगलाची नेहमीची जोखीम धरतात.

मार्गारेटेनह्योहे म्हणजे खिंडीतून जाणारा डांबरी रस्ता, चार घरं आणि बसथांबा. निर्णय इथे घ्यायचा. बारा वाजायच्या आसपास इथे असाल आणि पाय ठीक असतील, तर रस्ता ओलांडून ओलबेर्ग. एक वाजून गेला असेल किंवा पावसाने झोडपलं असेल, तर ओलबेर्ग सोडा आणि इथूनच गाइसबेर्ग या टेकडीच्या दिशेने ड्राखेनफेल्सकडे वळा. अंतरही वाचतं आणि एक चढही. आई-बाबा वर वाट बघणार असल्याने मी या बाबतीत कडक राहीन. त्यांना साडेतीन सांगून तुम्ही साडेपाचला पोचलात, तर पुढच्या खेपेला तुम्हाला कुठलाही डोंगर मिळणार नाही.

ओलबेर्गचा चढ छोटा, पण शेवटी नेट लावायला लावणारा. वाटेवरचा दगड नीट बघा. काळा, जड, ओळखीचा वाटेल. हा बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. फक्त दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हे ज्वालामुखी अडीच कोटी वर्षांच्या आसपासचे, म्हणजे बरेच धाकटे. माथ्यावर खानावळ आहे, जेवण इथे. आता शाकाहारी असाल तर दोन गोष्टी पाठ करून ठेवा. वाटाण्याच्या सूपमध्ये बहुधा सॉसेज असतं. आणि परतलेले बटाटे, ब्राटकार्टोफेल्न, दिसायला निरागस, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे बऱ्याचदा असतात, विचारूनच घ्या. ऱ्हाईनकाठचा राइबेकुखेन मिळाला तर तो घ्या. किसलेल्या बटाट्याचं हे कुरकुरीत थालीपीठच, वर सफरचंदाचा गर. अंडं चालत असेल तर उत्तम. घरचे ठेपले नेलेत तर ते बाहेरच्या बाकावर खायचे, खानावळीच्या टेबलावर डबा उघडू नये, इथे ते फार खटकतं. रोख पैसे ठेवा, आणि आठवड्याचा बंद वार कुठल्या खानावळीचा कुठला ते आदल्या दिवशी बघा. जंगलात स्वच्छतागृह म्हणजे या खानावळीच, तेव्हा तिथे एखादं नाणंही लागतं.

ओलबेर्गहून पश्चिमेकडे उतरायचं, डांबरी रस्ता पुन्हा ओलांडायचा आणि गाइसबेर्गच्या बाजूने मिल्शहॉयशेन या खानावळीपर्यंत यायचं. मी चुकले ती जागा याच पट्ट्यात आहे, म्हणून इथे थोडं सांगते. फाटे जवळजवळ आहेत आणि उतारावर आपण पाट्यांकडे कमी बघतो. माझा नियम असा: दर फाट्यावर थांबायचं, झाडावरची खूण शोधायची, आणि पाच मिनिटं चालून पुढची खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत जायचं. ‘पुढे मिळेलच’ हे वाक्य मनातही आणायचं नाही. ऱ्हाईनश्टाइग ही बॉन ते वीसबाडेन अशी ३२० किलोमीटरची मोठी वाट याच डोंगरांतून जाते. तिची खूण निळ्यावर पांढरी. पिवळ्या पाटीवरची तीच खूण म्हणजे त्या वाटेला येऊन मिळणारी जोडवाट. हे न कळल्याने बरेच जण पिवळ्यामागे जाऊन भलत्याच गावात उतरतात. आपलं वर्तुळ काही भागच या वाटेवर आहे, सगळं नाही. मोबाईलवर नकाशा आधी उतरवून ठेवा, दऱ्यांत रेंज जाते. आणि वाट सोडून आडवं जाऊ नका. हे राखीव क्षेत्र आहे, १९२२पासून. ठरलेल्या वाटांवरूनच चालायची परवानगी आहे. आपली ‘इथून सरळ घुसू’ ही सवय घरी ठेवून या. अळंबीही तोडायची नाहीत. सिगारेट ओढणारं कुणी बरोबर असेल तर त्यालाही सांगा, या राज्यात १ मार्च ते ३१ ऑक्टोबर जंगलात धूम्रपानाला बंदी आहे.

अपघात झाला तर ११२. जंगलात जागोजागी हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि एक क्रमांक दिसेल, तो बचावाचा ठिकाणा. फोनवर तेवढा क्रमांक सांगितला की मदत नेमकी तिथे येते, म्हणून जाताजाता शेवटच्या पाटीचा फोटो काढत चला. गोचीड ही दुसरी काळजी. ऑक्टोबरमध्येही असतात, गवताच्या पात्यावरून अंगावर येतात आणि बोरेलिओसिस नावाचा आजार देऊ शकतात. घरी पोचल्यावर गुडघ्यामागे, काखेत, पट्ट्याखाली बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. नंतरच्या आठवड्यांत लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टर.

मिल्शहॉयशेन म्हणजे दूधघर. इथून पुढे जंगल संपत नाही, पण एकटेपणा संपतो. डावी-उजवीकडून कुटुंबं, कुत्री, बाबागाड्या यायला लागतात आणि जो तो ‘हालो’ म्हणतो. तुम्हीही म्हणा, जर्मन माणूस शहरात लिफ्टमध्ये बोलणार नाही, पण जंगलात बोलेल. उजव्या हाताची टेकडी वोल्केनबुर्ग. तिच्या माथ्यावरही किल्ला होता. दगडासाठी डोंगर वरून खणत आणला आणि त्यात किल्लाही गेला. ड्राखेनफेल्सचंही तेच व्हायचं. इथला ट्रॅकाइट दगड रोमन काळापासून काढत होते, आणि कोलोनचं कॅथेड्रल १२४८मध्ये सुरू झालं तेव्हा त्यासाठीही तो नदीने गेला. शेवटी १८३६मध्ये प्रशियाच्या सरकारने माथा विकत घेऊन खाण थांबवली, म्हणून आज वर अर्धवट बुरूज तरी उभा आहे. सहलीसाठी डोंगर वाचवायचा ही कल्पना तेव्हा नवी होती.

साडेतीनच्या सुमारास तुम्ही वर असाल. आई-बाबा गच्चीवर भेटतील, पण त्यांना तिथेच सोडू नका. थोडं वर बुरुजापाशी न्या, शेवटच्या पायऱ्या सावकाश. बाबांना दगडात हाताच्या बोटाएवढे पांढरट, चौकोनी स्फटिक शोधायला सांगा. ते सॅनिडिन, आणि ड्राखेनफेल्सच्या दगडाची ती ओळख. मग उत्तरेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर बॉनच्या पलीकडे, क्षितिजावर, कोलोनच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात.

खाली जाताना आई-बाबांना फरसबंदीच्या रस्त्याने उतरवू नका. तो दिसायला सोपा आणि गुडघ्यांना वाईट. त्यांना गाडीनेच पाठवा. शेवटची गाडी किती वाजता हे सकाळीच बघून ठेवा, वेळापत्रक महिन्यागणिक बदलतं. तुमच्यात जोर उरला असेल तर दक्षिणेकडून द्राक्षमळ्यांच्या अंगाने ऱ्होनडॉर्फला उतरा, पाऊण तास पुरे. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या थोडा नंतर मावळतो, म्हणजे वेळ आहे. मात्र आई-बाबांची तिकिटं महिन्याच्या अगदी शेवटची झाली, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि सूर्यास्त सव्वापाचवर येतो. मग ओलबेर्ग आधीच वगळून बेत आखा. आणि ६६ नंबरची ट्राम पकडताना फलाट बघून चढा. एका बाजूची बॉनला जाते, दुसरी बाड होनेफला, आणि दमलेली माणसं बहुतेक दुसरीत बसतात.